बसल्याबद्दल दंड

पोर्तो शहराच्या दप्तरखान्यात, तळघरात,
एकतीस वर्षं चाव्या माझ्या कमरेला होत्या.
झुल्मिराबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी सरळ सांगितलं,
बायकांचं असं वेगळं काही नाही आमच्याकडे.
त्या म्हणाल्या, मग वेगळं नसलेलं द्या.

जकातीच्या वह्या दिल्या.
नदीच्या धक्क्यावरून वर, पाव भाजणाऱ्या भट्ट्यांपर्यंत
किती जळण चढलं त्याचा हिशेब.
भारा एक. भारा एक. भारा एक.
पानामागून पान, वाळवी लागेपर्यंत.
चढण अशी, की गाढवं निम्म्यात बसकण मारत,
आणि गाढव मेलं तर मालकाला भरपाई द्यावी लागे.
हे कलम मीच त्यांना काढून दिलं, देताना हसलो.
त्या हसल्या नाहीत.

भारा म्हणजे कोण? त्यांनी विचारलं.
भारा म्हणजे भारा, मी म्हटलं,
डोंगरातलं पिवळ्या फुलांचं झुडूप, वाळवून बांधलेलं.
झुडपाला पाय नसतात, सिन्योर आबिलियु.

सगळा हिवाळा त्या येत राहिल्या.
बोटं कापलेले हातमोजे, बुरशीनं लागलेला खोकला,
आणि नियम धाब्यावर बसवून वाचनमेजावर संत्रं सोलणं.
एकदा पिशवीतून काढून त्यांनी माझ्यापुढे
एक चुंबळ ठेवली. चिंध्यांची, काळपट,
मधोमध दबलेली, कुणाच्या तरी टाळूचा खळगा धरून.
म्हणाल्या, दस्तऐवज आहे, नोंद करा.
फॉर्मवर पहिलाच रकाना लेखकाचा.
माझं पेन तिथेच थांबलं.

मार्चमध्ये पोलिसांच्या वह्या निघाल्या.
त्यात एक कलम : रस्त्यात बसल्याबद्दल दंड.

फेलिस्मिना, वय सव्वीस, दिवस भरत आलेले,
अठरा नंबरच्या घराच्या पायरीवर भारा टेकून बसली.
दंड दोनशे रेइस.
देओलिंडा, वय अकरा. तीच पायरी. शंभर,
लहान म्हणून.
ग्रासिंडा, वय विचारता 'पुष्कळ' म्हणाली,
उठ म्हटल्यावर उठली नाही.
दंड भरला नाही. पुढे नोंद नाही.

बाई किती तरी वेळ बोलल्या नाहीत.
मग संत्र्याची फोड माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या,
चालत होत्या तोवर यांना नाव नव्हतं.

मी त्या वहीतलं अक्षर बघत होतो.
सुरेख होतं. एका ओळीत, शाई कुठे सांडलेली नाही.
आमच्याच खात्यातला कुणी, मान खाली घालून,
खुर्चीत बसून लिहिणारा.

नगरपालिकेत बाईंनी अर्ज केला, चढणीवर एक फरशी लावा म्हणून.
साहेबांनी विचारलं, नक्की किती बायका होत्या?
त्या म्हणाल्या, बसलेल्या त्रेचाळीस.
न बसलेल्यांचा आकडा तुमच्याच वह्यांत आहे,
भारे मोजा.
अर्ज अजून विचाराधीन आहे.
विचाराधीन म्हणजे काय ते मला ठाऊक आहे,
तो शिक्का माझ्याच खणात असायचा.

निवृत्त झालो त्याच आठवड्यात मी ती चढण चढलो.
रिकाम्या हातानं, दुखऱ्या गुडघ्यानं,
तीनदा कठडा धरून.
अठरा नंबरला आता निळा दरवाजा आहे.
पायरी दगडीच, डाव्या अंगाला झिजलेली.
कशानं झिजली ते मी सांगू शकत नाही,
तसा कागद नाही.

बसलो.
दार उघडून एक तरुण बाई बाहेर आली,
कडेवर मूल, हातात कचऱ्याची पिशवी.
म्हणाली, बरं वाटत नाही का? पाणी आणू?
मी तिला माझं पूर्ण नाव सांगितलं.
तिनं ते विचारलं नव्हतं.